तिसऱ्या हाकेपर्यंत

डिसेंबर लागला की आमच्या घरात रविवारी दुपारी पडदे ओढले जायचे आणि आई म्हणायची, "लाव गो बाय, तो लाल डगलेवाला."

लाल डगलेवाला म्हणजे सांताक्लॉज, पण मुलांना खाऊ वाटणारा नव्हे. हा बर्फातून कुऱ्हाड घेऊन येणारा, ऐन नाताळात एकेका घराची बेल वाजवून आतल्या माणसांना खलास करणारा. असले सिनेमे परदेशात ढिगाने निघतात. सुकापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणं उरकल्यावर, आम्ही दोघी मायलेकी भाजलेल्या शेंगा खात ते बघायचो. नातेवाईक नाकं मुरडायचे. एकदा मावशी अवचित आली, पडद्यावरचं रक्त पाहून दारातच थबकली आणि आईला म्हणाली, "अगो, आता देवाचं बघायचं वय तुझं!" आई शेंग सोलत म्हणाली, "देव बघतोच हाय आपल्याला. आमी जरा हे बघतो."

आईला इंग्रजीचा गंध नव्हता आणि तिचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. तिला मुळात ओढ लागली ती बर्फाची. तिचं माहेर उरणकडचं, मोरा बंदराच्या अलीकडचं, पिढ्यान्पिढ्या मिठागरावर राबणारं. असला सिनेमा मी पहिल्यांदा चुकून लावला, तेव्हा पडद्यावर पांढरं शुभ्र माळरान आलं आणि आई ताडकन सरळ बसली. "आमचा मिठागरच हाय हा," ती म्हणाली. पुढे त्या पांढऱ्यावर लाल सांडलं तेव्हा मी डोळे मिटले. ती मात्र बघत राहिली. मिठाच्या राशींमधून अनवाणी फिरताना पाय चिरायचे, ते तिला आठवत होतं.

पण तिचा खरा जीव रमायचा तो त्या सिनेमातल्या बायकांना शिव्या घालण्यात. बेल वाजली की ती बाई हसत दार उघडायला निघायची, आणि इकडे आईचा संताप अनावर व्हायचा. "हिला कोणी शिकवला नाय! पैल्याच हाकेला निघाली बघ!"

आम्हाला मात्र शिकवलं होतं. मिठागराकडच्या माणसांचा जुना नेम आहे: कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. खाडीवरून तिन्हीसांजेला जे हाक मारतं ते आपल्या माणसाच्या आवाजात मारतं, पण दोनदाच. तिसरी हाक त्याच्यापाशी नसते. आईच्या चुलत्याने म्हणे पहिल्याच हाकेला ओ दिली आणि कंदील न घेता बांधावर गेला. सकाळी तो कमरेइतक्या चिखलात उभा सापडला. घरी आणला, न्हाऊ घातला, तो जेवायचा, कामाला जायचा. मात्र त्यानंतर त्याला नावाने हाक मारली तर तो कधी वळून बघत नसे. आई तेव्हा लहान होती. घरात परत आला तो कोण होता, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. ती एवढंच म्हणायची, "ज्याला खरंच आपण हवे असतो ना बाय, तो तिसऱ्यांदा हाक मारतो."

म्हणूनच तिला ते सिनेमे कळायचे. मला विचाराल तर त्यांची गंमत रक्तात नाहीच. चेटकीण दिसली की कोणीही सावध होतो, पण सांताला दार कोण नाकारणार? आपल्या दारात वासुदेव आला तर आपण कधी विचारतो का, की बाबा, मोरपिसांच्या टोपीखाली कोण आहेस? घरात दिवे लागलेले, केकचा वास सुटलेला, सगळी आनंदात, आणि नेमकं त्याच वेळी ओळखीचे कपडे घालून अनोळखी येतो. त्याची भीती वाटते आणि बघितल्यावाचून राहवतही नाही. शिवाय ती भीती परक्याची असते. सिनेमा संपतो, आपण पडदा सारतो, बाहेर चारचं ऊन असतं, खाली कोणीतरी स्कूटर धूत असतं. मग चहा फार छान लागतो.

आमच्या घरातली भीती मात्र पडदा सारून जाणारी नव्हती. आईचं हृदय थकलं होतं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्या द्या आणि सांभाळा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी लग्न केलं नाही, घरात आम्ही दोघीच. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात कामाला, ती दिवसभर एकटी. फोनला ती हाकेत धरत नसे, तो वाजून वाजून गप्प व्हायचा. त्यामुळे ती आहे की नाही हे मला रोज दारातच कळायचं.

बेल वाजवून उपयोग नव्हता. बेलला ती उठणं शक्यच नव्हतं, एवढे सिनेमे काय उगाच पाहिले होते? किल्ली माझ्यापाशी असायची, पण एकदम आत शिरून तिला दचकवायला नको म्हणून मी दाराशी उभी राहून "आई" म्हणायची. आत शांत. पुन्हा "आई". आत शांतच. मग तिसऱ्या हाकेला आतून ठणठणीत "ओ" यायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मी कितीदा चिडले, रडलेसुद्धा. म्हटलं, "आई, निदान माझ्यासाठी तरी पहिल्या हाकेला ओ देत जा. मला भीती वाटते गं." तर म्हणायची, "आणि ती तू नसलीस तं?"

गेल्या नाताळला ऑफिस अर्धा दिवस होतं. मी दुपारीच घरी आले. आमच्या सोसायटीत दरवर्षी कोणीतरी एक जण सांता होतो आणि लहान मुलांच्या घरी खाऊ देत फिरतो. हसऱ्या तोंडाचा प्लॅस्टिकचा मुखवटा, त्याला कापसाची दाढी. सांताने बोलायचं मात्र नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. मुलांना सगळ्या काकांचे आवाज पाठ असतात ना. मी आमच्या दाराशी पोचले तेव्हा तो जिना चढून वर निघाला होता. मला पाहून तो माझ्या मागे थांबला.

आत सिनेमा चालू होता. आईने स्वतःच लावला असणार, रिमोट शिकली होती ती. एक बाई किंचाळत पळत होती. मी हाक मारली, "आई." मागे सांताच्या हातातली घंटी एकदा किणकिणली आणि त्याने ती मुठीत दाबून धरली. मी दुसरी हाक मारली. काही नाही. मी वळून त्याला हसून म्हटलंसुद्धा, "तिसऱ्या हाकेला देते ओ, सवय आहे तिची." मुखवटा हसतच होता.

मी तिसरी हाक मारली.

आत ती बाई किंचाळायची थांबली. आई काही बोलली नाही. मी पुन्हा हाक मारली असेन, मला नीट आठवत नाही. चौथ्या हाकेचं आईने मला काही शिकवलंच नव्हतं. किल्ली कुलपात जाईना, तेव्हा लाल बाहीतला एक हात पुढे आला, त्याने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं.

आई खुर्चीत होती. मांडीवर ताटली, ताटलीत शेंगांची टरफलं. लाल डगलेवाला माझ्या आधी आत गेला, तिच्यावर वाकला आणि त्याने तिचं मनगट धरलं. त्याच्या पाठीमागे टीव्हीवर दुसरा लाल डगलेवाला बर्फात उभा होता. मी उंबऱ्यातच उभी होते आणि मला ओरडून सांगायचं होतं की आई, ऊठ, हा आत आलाय. मग त्याने मुखवटा काढला. आत समोरच्या विंगमधले काका होते, रोज दिसणारे, घामाने भिजलेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, खाली बसा," ते म्हणाले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

यंदा डिसेंबर लागला तेव्हा मावशी म्हणाली, आता तरी ते अभद्र लावू नकोस. मी लावलं. पडदे ओढले, शेंगा भाजल्या, दोन ताटल्या काढल्या, एक परत ठेवली. सिनेमात बेल वाजली, बाई उठली, आणि "थांब गं," असं माझ्याच तोंडून निघालं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली. "बाय."

चष्मा सापडत नसला की आई जशी मारायची, अगदी तशी. मी आवाज बंद केला. पडद्यावर ती बाई मुक्याने दाराकडे चालली होती. "बाय गो," आतून पुन्हा आलं. मी हातातली शेंग तशीच धरून बसले. खालच्या मजल्यावर कोणी आपल्या लेकीला बोलावत असेल, या भागात घरोघरी एक तरी बाय असते. मी तिसरीची वाट पाहिली. खिडकीच्या पडद्याकडेचं ऊन गेलं, सिनेमा कधीच संपला, तरी मी बसून होते. तिसरी हाक आली नाही आणि मला भीती वाटली नाही, फक्त फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या रविवारीही दोनच हाका आल्या. मी ओ दिली नाही. आयुष्यभराचा नेम असा सहज मोडत नाही.

काल पुन्हा आली. पहिलीच हाक, तीच चष्मा शोधणारी. आई असती तर खवळली असती, म्हणाली असती, आणि ती मी नसले तं?

नसलीस तरी चालेल, आई.

मी उठले, आतल्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाले, "ओ."