राणीच्या घराण्याची नाकं

आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत एक विलायती राणी सहकुटुंब राहायची. म्हणजे एका जाडजूड पुस्तकात. बाबांच्या कचेरीतला गोरा साहेब कायमचा मायदेशी जाताना ते रद्दीत टाकून गेला आणि बाबा ते छातीशी धरून घरी घेऊन आले. आत नुसती जुनी चित्रं आणि फोटो. राणी लहान, राणी नवरी, राणी नऊ पोरांची आई, आणि मग काळ्या झग्यातली, पांढऱ्या टोपीतली विधवा राणी.

आमच्या आत्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण त्या घराण्याची तिला चाळीतल्या बिऱ्हाडांपेक्षा जास्त खबर. फोटोखालची ओळ बाबांकडून वाचून घ्यायची आणि पुढचं स्वतःच ठरवायची. "थोरल्याची लक्षणं ठीक नाहीत हो!" "धाकटीला बघ, आईने सेवेला ठेवून घेतली. लग्नाचं नाव काढू देईना." "आणि हा मिशाळ नातू! आजीचं नाक घेऊन जन्मला आणि सख्ख्या मामाच्या मुलाशी लढला. भाऊबंदकी काय आपल्यातच असते?" नाकांवर तिचा भारी जीव. हे आजीचं, हे आजोबांचं, असं बोट फिरवत दुपारच्या दुपार काढायची.

आत्या बालविधवा. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, पण घरात तिचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की हिची भाजी करपायला लागलीच. शुभकार्यात विधवेने पुढे येऊ नये, हा नियम दुसऱ्या कुणापेक्षा तीच कडक पाळायची. माझा साखरपुडा ठरला तेव्हा मी सांगून टाकलं, "फोटोत तू हवीस. नाहीतर मला अंगठीच नको."

"शहाणी आहेस! सासरचे काय म्हणतील?" म्हणून तिने मला हाकललं. आणि मी, अख्ख्या चाळीत भांडकुदळ म्हणून नावाजलेली, उशीत तोंड खुपसून रडले.

सासर काळाचौकीचं. सासरे संयुक्त महाराष्ट्राचे कट्टर, मोर्चात लाठी खाऊन कपाळावरचे टाके मिरवणारे. साखरपुड्याच्या सकाळी अंगठी झाली, पेढे झाले, फोटोग्राफर गॅलरीत कॅमेरा उभा करू लागला. तेवढ्यात सासऱ्यांचा हात फळीवरच्या त्या पुस्तकावर गेला. एक पान उलटलं, दोन पानं उलटली, आणि पारा चढला.

"इथं आम्ही मुंबईसाठी डोकी फोडून घेतोय, आणि तुम्ही या गोऱ्या राणीला घरात पूजताय?"

माझी जीभ वळवळत होती, पण मी पडले नवरी. आणि काय सांगू, स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन आत्या बाहेर! जी उंबरा ओलांडणार नव्हती ती थेट व्याह्यांच्या पुढ्यात.

"पूजतंय कोण? तिने राज्य केलं ते वाईटच केलं. मुंबई आपलीच, त्यात वादच नाही! पण बाईमाणूस म्हणून बघाल की नाही? हे बघा. चाळीस वर्षं विधवा. भोवती लेकी, सुना, जावई, नातवंडं. आणि बसलीय कुठे?"

सासरे चष्मा सावरून वाकले. "मध्ये," ते म्हणाले.

"मग! कुणी म्हटलं का तिला, तू आत जा?"

बोलली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू गेलं. ती वळली, पण मी आता थोडीच सोडतेय! तिचा पदर गच्च धरला आणि ओरडले, "आत्या नाही तर फोटो नाही!"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, झाऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. सभेत उभं असल्यासारखा हात उंचावून ते गरजले, "मुंबईशिवाय महाराष्ट्र नाही, आणि आत्याबाईंशिवाय फोटो नाही! खुर्ची आणा!" झालं! सगळी गॅलरी "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे" म्हणून दणाणली. फोटोग्राफर काळ्या कपड्याखाली हसून हसून हलत होता. त्या दिवशी आम्ही सगळेच वेडे झालो होतो, आणि मला इतका आनंद झाला होता की अंगठी कुठल्या बोटात आहे तेही कळत नव्हतं.

आठवड्याने फोटो आला. सगळे दात काढून हसताहेत, नवरदेव हललाय, आणि मधोमध आत्या, मांडीवर झारा, चेहरा राणीसारखा गंभीर. तिने तो खिडकीशी उजेडात धरला. कुंकू लावायचं नाही म्हणून तिने आरसा कधी जवळ केलाच नव्हता. तिचं बोट फोटोवर फिरत फिरत तिच्यावर थांबलं, मग माझ्यावर, मग परत तिच्यावर.

"अगो बाई!" ती म्हणाली, "तुझं नाक तर माझ्यावर गेलंय! आणि मी मेली जन्मभर परक्यांची नाकं जुळवत बसले."