भिंतीबाहेर टेकवलेला कंदील

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कब्रस्तानाची भिंत कंबरेएवढीसुद्धा नाही. बकऱ्या रोज तिच्यावरून उडी मारून आत येतात, गवत खातात आणि पोट भरलं की निघून जातात. एवढीच तिची लायकी. पण माझ्या धाकट्या भावाला आत घ्यायची वेळ आली, तेव्हा तीच भिंत किल्ल्याचा तट झाली. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

घाटंजीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं पंधरा-सोळा. भाऊ मजुरीनं फवारणीला जायचा. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेलेली, अळी हटायचं नाव घेत नव्हती आणि दर हप्त्याला नवं औषध. पाठीवर पंप, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. एका दुपारी तो घरी आला आणि म्हणाला, "ताई, मले सारं दोन-दोन दिसून राह्यलं." दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी गेला.

कागदावर विषबाधा लिहिलेलं. त्या वर्षांत आमच्याकडे शेतकरी औषध पिऊन जीव देत होते; विष म्हटलं की लोक पुढचं ऐकतच नव्हते. मंडळीच्या कमिटीचे अध्यक्ष रिटायर्ड हेडमास्तर होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जीव देणाऱ्याला आत जागा नाही. पहिल्यापासूनचा नियम आहे."

"गुरुजी, त्यानं पेलं नाही. अंगावर उडालं, नाकातून गेलं. डॉक्टरले विचारा."

"तुझं खरं असेल पोरी. पण लोक काय म्हणतील?"

घ्या! नाव देवाचं घ्यायचं आणि भ्यायचं लोकांना. त्यानं स्वतःहून घेतलं असतं तरी तो आमचाच होता, हे तेव्हा माझ्याही तोंडून निघालं नाही. ते सुचायला मला कित्येक महिने लागले. पाळकसाहेब नवीन, भला माणूस, पण पाठीचा कणा म्हणाल तर भिजलेली वात. "मी प्रार्थना करतो," म्हणाले. कर बापा, कर.

खड्डा भिंतीबाहेर, बाभळीखाली खणला. खणायला मंडळीतले दोघंच आले. बाकी सगळी शेजारच्या बौद्ध मोहल्ल्यातली, भावाच्या बरोबरीची पोरं. त्यातल्या एकानं माती ओढता ओढता विचारलं, "ताई, आमचे आजोबा असल्याच भिंतीपायी धर्म सोडून निघाले. तुमच्यातबी हाय का?" मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आई अंगठाबहाद्दर. तिचा विश्वास सरळसोट होता: शेवटच्या दिवशी कर्णा वाजणार, कबरी उघडणार आणि माणसं आहे त्या अंगानिशी उठणार. तिला घोर एकच. "आतले सारे संग उठतीन, एकमेकाचा हात धरतीन. माह्या पोराचा हात कोन धरन? थो तं भाईर एकटाच." भाकरी थापताना हेच, भांडी घासताना हेच. एकदा मी वैतागून ओरडले, "माय, तिथं भिंती नसतात!" ती म्हणाली, "मंग इथं काहून हाय?"

मी शाळामास्तरीण. उत्तर नसलं की वाचायला बसते. वाचलं आणि आणखीच चिडले. आमच्या मंडळीत पुनरुत्थान म्हणजे वर्षातून एकदा नवी साडी आणि 'आत्मा वर जातो' असलं गुळमुळीत प्रवचन. अहो, आत्मा वर जातो एवढंच म्हणणं असतं, तर त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांना कोण कशाला छळायला गेलं असतं? त्यांचं म्हणणं भलतंच जहाल होतं. सरकारनं ज्याला गुन्हेगार ठरवलं, वेशीबाहेर नेऊन मारलं, ज्याच्या कबरेवर शिक्का मारला, त्यालाच देवानं उठवलं. म्हणजे सरकारचा निकाल देवानं फिरवला! आणि उठवलं तेही अंगासकट, खिळ्यांच्या खुणांसकट. मग गुलामाचं अंग काय, मजुराचं अंग काय, टाकाऊ असं काही उरलंच नाही. ती माणसं परक्यांची बेवारस मढीही उचलून आणून मातीत ठेवायची. आम्ही आमचंच बाहेर ठेवलं. हे सगळं मी गुरुजींच्या घरी जाऊन ऐकवलं. ते म्हणाले, "छान बोलतेस. महिला मंडळात सांग एकदा." डोंबल!

आमच्याकडे ईस्टरची एक जुनी रीत आहे. झुंजुमुंजू असताना मंडळी गाणं म्हणत कब्रस्तानात जाते. पुढे कंदील घेतलेली एक म्हातारी, कारण पुनरुत्थानाच्या पहाटे कबर रिकामी झालेली पहिल्यांदा बायांनीच पाहिली. (पुरुषांनी त्यांना वेड्यात काढलं, ते मात्र कोणी सांगत नाही.) कंदिलाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, गाणं मध्येच तोडायचं नाही आणि ती कंदील टेकवेल तिथंच उपासना. आजवर प्रत्येकीनं तो आतल्या मोठ्या क्रुसापाशीच टेकवलेला. भाऊ गेल्यानंतरच्या ईस्टरला कमिटीनं कंदील आईला दिला. समजूत काढायला! पोराला जागा नाही, म्हातारीला मान. मी म्हटलं, "घेऊ नको." आई म्हणाली, "देऊन राह्यले तं कायले नाही म्हनू?" आणि दोन दिवस राखेनं काच घासत बसली. मला तिचाही राग आला.

ईस्टरला आई फाटकापर्यंत आली आणि आत वळलीच नाही. भिंतीच्या कडेनं चालत राहिली. गुरुजी खाकरले, पण पुढे जाता येईना आणि गाणं तोडता येईना. धुतल्या कपड्यांतली अख्खी मंडळी कुसळं तुडवत बाभळीखाली आली. आईनं कंदील भावाच्या उशाशी टेकवला. गाणं संपलं.

"मावशी," गुरुजी हळूच म्हणाले, "आपली जागा आत आहे."

"गुरुजी, तुमी शिकेल मानूस. एक सांगा. हा उठन का नाही?"

पाळकसाहेब आपल्या चपलांकडे पाहत होते.

"नाही म्हनत असान तं तसं सांगा. पन मंग आतलेबी नाही उठत. अन् क्रुसावरचा थोबी नाही उठला. मी आपली कंदील घेऊन घरी जातो."

"उठेल, मावशी."

"मोठ्यानं सांगा."

"उठेल!"

"मंग त्याचा हात कोन धरन?"

उपासना तिथंच झाली. भिंत पाडली का? छे! कमिटीनं तीन बैठका घेतल्या आणि चहा पिऊन उठली. दोन वर्षांनी आई गेली. तिच्या सांगण्याप्रमाणे तिला बाहेरच ठेवलं, भावाच्या उजव्या हाताला.

मग गुरुजी गेले. मी मातीला गेले ती मनात सगळं जुनं भांडण घेऊनच. पण लोक फाटकातून आत वळेचनात, भिंतीच्या कडेनं पुढे चालले. बाभळीखाली, भावाच्या डाव्या बाजूला, खड्डा तयार होता. मी गुरुजींच्या मुलाकडे पाहिलं.

तो म्हणाला, "ताई, बाबाच सांगून गेले. म्हणाले, पोराचा एक हात अजून मोकळा आहे."