आलिंग प्रोसिंगचं वय

आमच्या शेजारच्या आलिंग प्रोसिंग (आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला मानानं ‘आलिंग’ म्हणतात) केस काळेभोर ठेवायच्या आणि चर्चच्या गाणाऱ्यांत सगळ्यांत वरचा सूर लावायच्या. वय विचारलं की म्हणायच्या, "साठी आत्ताच कुठे ओलांडलीय." नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. खालचा सूर लावणारे तासियोही एकटेच. तालीम संपली की ते त्यांना घरापर्यंत सोडायला यायचे. वाटेत भाजलेलं कणीस, दोघांत एक. आम्ही सगळे खिडकीतून बघायचो आणि बघत नसल्याचं नाटक करायचो.

एका रविवारी चौकात फ्लेक्स लागला. ‘प्रोसिंग आजींना चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!’ कोपऱ्यात आजींचा नखाएवढा फोटो. उरलेल्या जागेत आमच्या वस्तीचे कपितान, म्हणजे निवडून आलेले प्रमुख, डेल्फिन, दात दाखवत. निवडणूक जवळ आली होती.

आलिंग तडक त्यांच्या कचेरीत. सोबतीला मी.

"माझं वय तुला कुणी सांगितलं रे?"

"तुम्हीच की! ज्येष्ठांचं कार्ड काढताना."

"ते गोळ्या स्वस्त मिळाव्यात म्हणून. चौकात टांगायला नव्हे."

"अहो, मान आहे तो तुमचा!"

"मान माझा, मग तोंड तुझं एवढं मोठं कसं?"

आरोग्यसेविका लिवायवाय तोंडावर गंभीर भाव आणून दुसरीकडे बघायला लागली. कपितान ओशाळले, पण हटले नाहीत. "माहिती आम्हाला लागतेच. पूर आला तर आधी कुणाला हलवायचं, कसं कळणार?"

"मला कुणी हलवायला नको. काढ यादीतून माझं नाव."

फ्लेक्स उतरला, नावही गेलं. आलिंगचं बघून आणखी काहींनी नावं काढून घेतली.

त्या संध्याकाळी तासियो आले. दार उघडेना.

"प्रोसिंग, मी सत्तरचा. आता तुला ताई म्हणू का?"

खिडकीतून चप्पल आली. मग हसू ऐकू आलं, आणि दार उघडलं.

सप्टेंबरात नदी फुगली. लिवायवाय यादी बघत, होडी घेऊन म्हाताऱ्यांना घराघरांतून हलवत होती. आलिंगच्या दारावरून ती सरळ पुढे निघाली, तशी वरून हाक आली.

"यादीत नाव नाही तुमचं!"

"खिडकीत आहे ना मी?"

होडी वळली. पुढच्या गल्लीत एक आंधळे आजोबा पत्र्यावर बसून भिजत होते. त्यांनीही नाव काढून घेतलं होतं, म्हणून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. त्यांना होडीत घेतलं, तेव्हा आलिंगनी आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. शाळेतल्या निवाऱ्यात पोचेपर्यंत त्यांनी आजोबांचा हात धरून ठेवला.

पाणी ओसरल्यावर वस्तीची सभा भरली. आलिंग उठल्या.

"नाव घ्या, वय घ्या, कुणाला डोळ्यांनी दिसत नाही तेही लिहून घ्या. चुकलं माझं. पण ते लिवायवायच्या कुलपात राहू दे. होडीसाठी घेतलेलं होडीपुरतंच. दुसरीकडे वापरायचं असेल तर दार वाजवून विचारा."

"दारोदार फिरायला वेळ कुठाय?" कपितान म्हणाले.

"मतं मागायला बरा मिळतो!"

सभा हसली. शेवटी कपितानही हसले आणि त्यांनी तशा ठरावावर सही केली.

आता लिवायवाय दारात आली की लोक आधी विचारतात, "हे कशाला हवंय?" अख्खी सकाळ जाते म्हणून ती कुरकुरते, पण सांगते. कपितान पुन्हा निवडून आले. आलिंगनी त्यांना मत दिलं की नाही, हे विचारायची माझी हिंमत नाही.