रिपोर्ट नॉर्मल आला होता

"अज्जा, हिची गोळी कुणी बंद केली?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आतून बाहेर येऊन कन्नडमधून विचारलं. चेहऱ्यावरूनच कळलं, माझी बायको सुमन गेली... मी म्हटलं, मीच.

सव्वा महिना झाला. मी चौथी शिकलेला, बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात लेथ चालवण्यात जन्म गेला. थायरॉईड म्हणजे गळ्यातली ग्रंथी, हे सुमनचं दुखणं निघालं तेव्हा कळलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी. वर्षभरात तिला उतार पडला, रिपोर्ट नॉर्मल आला. मी म्हटलं, "बरी झालीस. दुरुस्त झालेलं मशीन रोज कोण उघडतं?" ती म्हणाली, "अहो, डॉक्टरांना स्वल्प विचारूया की." मी म्हटलं, "ते कशाला नको म्हणतील? त्यांचं दुकान आहे." दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी सोडली. जन्मभर माझं ऐकलं, तेवढंच तिचं चुकलं.

मग ती सुजत गेली. आवाज घोगरा झाला, भाकरी थापता थापता डुलकी लागायची. आणि मी? "दिवसभर लोळतेस, फुगशील नाही तर काय!" शेजारची मंजुळा सांगायची, "अण्णा, अक्कांना दाखवून आणा हो." मी म्हणायचो, "आळसाला औषध नसतं." सुमन हसायची... तेसुद्धा सावकाश.

डिसेंबरात खोकला झाला आणि चौथ्या दिवशी हाका मारूनही उठेना. ती गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रोगाशी लढणारी अंगातली फौजच तिच्या ग्रंथीला शत्रू समजून खात होती. ग्रंथीचं काम गोळी करत होती, म्हणून रिपोर्ट चांगला. ती जन्मभर घ्यायची होती; बंद केली की अंग सुजतं, उन्हातही थंडी वाजते, आणि मग साधा खोकलाही जिवावर बेततो. मी ओरडलो, "आधी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "बंद करताना विचारायला आलात का?"

लोक म्हणतात, तिची वेळ आली होती. खोटं आहे. वेळ मी आणली. मुलगी वैशालीनं रक्त तपासून घेतलं, तिलाही तेच निघालं. फोनवर म्हणाली, "बाबा, माझ्या गोळीबद्दल एक शब्द बोलायचा नाही." सरी, बरं, म्हटलं.

दवाखान्यानं दिलेल्या पिशवीत सुमनचे दोन स्वेटर आहेत. एकावर एक घातलेले, तसेच काढलेले, बाह्या एकमेकींत अडकलेल्या. वैशालीनं धुवायला मागितले, दिले नाहीत. भर दुपारी दारातल्या उन्हात ती हे दोन्ही घालून कुडकुडत बसायची. मी शेजारी बनियनवर बसून तिला नाटकी म्हणायचो.