माणक्याचा कान

आमच्या कोडोलीत एखादं जनावर अखेरच्या घटका मोजू लागलं की डॉक्टरच्या आधी पद्मावती आक्काला बोलावणं जायचं. आक्का जैन घरातली. गटारीत पडलेलं कुत्रं असो की मांजराच्या तोंडातून सुटलेली चिमणी, ती शेजारी बसून कानात णमोकार मंत्र म्हणायची. जाताना शुद्धीत तो ऐकला की जिवाला चांगली गती मिळते, ही तिची श्रद्धा. पोरं चेष्टा करायची, "आक्का, चिमणीला कान कुठं असतोय?" हात शेणानं बरबटलेले असले तरी ती तशीच बसायची. कुणी नाक मुरडलं की फटकारायची, "णमोकाराला सोवळं लागत न्हाय. हात धुवायला गेलं आन् तवर जीव गेला, मग?"

माणक्या तिचा बैल. नवरा गेल्यावर घरात बोलायला तोच उरला होता. तिनं हाक मारली की आधी त्याचा कान हलायचा, मग मान वळायची. म्हातारपणी त्याच्या शिंगाला कॅन्सर झाला. शिंग कापायचं ठरलं तेव्हा डॉक्टर संयोगिताबाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागेल, आक्का. वय झालंय त्याचं. कदाचित उठणार नाही."

"मग गुंगी चढायच्या आत मला त्याच्या कानात म्हणू द्या."

"म्हणा की. मांसात देते, चढायला थोडा वेळ लागतो."

सुई टोचली. आणि जन्मभर गावाला शिकवणारी ही बाई, आपल्या माणक्याच्या वेळी मात्र हात धुवायला गेली! हात शिंगातल्या पुवानं माखले होते, लुगडंही बदलावंसं वाटलं तिला. शेजारी राहून मी हे पाहिलंय. आजही आठवलं की आधी तिचा राग येतो, मग रडू येतं.

थकलेलं शरीर ते. औषध डॉक्टरांच्या अंदाजाआधीच डोक्यात भिनलं. आक्का धुतलेलं लुगडं नेसून आली तेव्हा माणक्याची मान खाली गेली होती, तोंडातून लाळ गळत होती. ती वाकून कानात काहीतरी बोलली, मग मंत्र म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणाली. शिंग निघालं. माणक्या उठलाच नाही.

खड्ड्यावर माती लोटून झाल्यावर डॉक्टर तिच्याजवळ बसल्या.

"डोळे उघडे होते, आक्का. ऐकलं असेल त्यानं."

आक्का कोरडेच हात पदराला पुसत होती.

"खोटं बोलू नगंस, लेकी. मंत्राच्या आधी मी त्याला हाक मारली हुती. कान हलला न्हाय त्याचा."