दारातली थोरली

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर एकच कादंबरी शिकवली आणि तिच्यातल्या एका पात्राची जागा भरायला मला वापरून घेतलं. हे असं सरळ म्हणायला मला पन्नाशी गाठावी लागली, याचाच जास्त संताप येतो.

अण्णा नेवाशाच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. कादंबरी नावाजलेली, मुलगा वयात येतो आणि माणूस होतो त्याची. खेड्यातला पोरका मुलगा, त्याचा कडक काका आणि थोरली बहीण. शेवटी मुलगा नावेत बसून नदीपलीकडे शिकायला जातो आणि बहीण हातात कंदील घेऊन दारात उभी राहते. तिला पुस्तकात नावसुद्धा नाही, सगळे तिला 'थोरली' म्हणतात. अण्णा फळ्यावर दोन रकाने आखायचे, एकात पात्र, दुसऱ्यात प्रतीक. काका म्हणजे रूढी, नदी म्हणजे काळ, कंदील म्हणजे ज्ञान. आणि थोरली म्हणजे त्याग. पोरं ते घोकायची आणि मार्क मिळवायची. पुढं अभ्यासक्रमातून कादंबरी गेली, पण अण्णांच्या तासातून गेली नाही.

शेवटचा प्रसंग ते दरवर्षी वर्गात करून दाखवायचे. मुलगा म्हणून वर्गातला कुणीतरी हुशार पोरगा, दरवर्षी नवा. थोरली मात्र कायमची, घरची. मी पाचवीत असल्यापासून शिपाईमामा माझ्या वर्गाच्या दारात येऊन म्हणायचे, "चला ताई, सरांनी बोलिवलंय." मग मी मोठ्या मुलांच्या वर्गाच्या उंबऱ्यात, भर दुपारी, विझलेला कंदील धरून उभी. पोरगा मैदान ओलांडून फाटकापर्यंत जायचा, अण्णांचा आवाज दाटून यायचा, पोरी डोळे पुसायच्या. माझं नाक खाजायचं. अण्णांची सक्त ताकीद असायची, "हलायचं नाही. तू हललीस की प्रसंग मेला."

सुरुवातीला मला त्याचा अभिमान होता हो. खोटं कशाला बोलू?

मी बी.ए. झाले त्याच उन्हाळ्यात धाकटा भाऊ बारावी झाला. मला पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला, वसतिगृहात खोलीसुद्धा. त्याला पुण्यातच इंजिनिअरिंगला. आईचं एक अंग वाऱ्यानं गेलेलं, तिला उठवायला-बसवायला माणूस लागायचं. मला वाटलं होतं, काहीतरी मार्ग निघेल. एखादी बाई ठेवू, नाहीतर मावशी येऊन राहील. पण अण्णांनी मला समोर बसवलं आणि चक्क तास घेतला. त्याचं जाणं म्हणजे आपल्या सगळ्या घराचं नदीपार होणं आहे, मागं कुणीतरी दारात लागतंच, तू साहित्याची विद्यार्थिनी, तुला हे वेगळं समजावून सांगायला नको, वगैरे वगैरे. नुसतं 'नको जाऊस' म्हणाले असते, तर मी भांडले असते. पण ते माझ्याशी कादंबरीतून बोलले. ज्या भाषेत भांडायचं, ती त्यांनीच तर मला शिकवली होती.

भाऊ निघाला तो पहाटेच्या एसटीनं. लोडशेडिंग होतं, म्हणून बॅग उचलताना त्याला दिसावं यासाठी मी दारात बॅटरी धरून उभी राहिले. अंगणातून अण्णांनी मागं वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "अगदी थोरली," ते म्हणाले. ती बॅटरी त्यांच्या अंगावर फेकून मारावी असं मला वाटलं. मारली नाही. हलायचं नव्हतं ना.

आई अंथरुणात वर्षानुवर्षं काढून गेली. तोवर स्थळं यायची थांबली होती. मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. भाऊ परदेशात आहे, रविवारी व्हिडिओ कॉल करतो. एकदा जेवताना मी अण्णांना विचारलं, मुलगा नदीपार गेल्यावर थोरलीचं पुढं काय होतं? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, "काही नाही. पुढं लेखकाला तिची गरज उरत नाही."

गेल्या हिवाळ्यात शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. साखरेच्या आजारानं अण्णांचे डोळे पार गेलेत, म्हणून मीच त्यांना रिक्षानं घेऊन गेले. शाल-श्रीफळ झालं, भावाचा शुभेच्छांचा व्हिडिओ दाखवून झाला. मग टक्कल पडलेली, पोटं सुटलेली ती पोरं हट्टाला पेटली की सरांचा तो शेवटचा तास पुन्हा व्हायलाच हवा. कुणीतरी तोच कंदील शोधून आणला होता. "ताई, तुम्हीच उभ्या राहा," एक जण हसत म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी उभी राहिले. अण्णा बोलू लागले, आवाज तसाच दाटून आला. फाटकाकडं निघालेल्या माणसाला सगळे पाहत होते. मी कंदील उंबऱ्यावर ठेवला आणि व्हरांड्यातून चालू लागले. पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघींनी पाहिलं आणि मान खाली घातली. मागून अण्णांचा आवाज येत होता, "बघा, नाव दिसेनाशी झाली, पण ती अजून जागची हललेली नाही."

स्टँडवर जाऊन बसले. पुण्याची गाडी लागली होती, कंडक्टर "पुणे, पुणे" ओरडत होता. ती भरली आणि गेली. मी बाकावरच. अण्णांची इन्सुलिनची वेळ होत आली होती आणि त्यांना घरी आणायला दुसरं होतं कोण?

परत गेले तेव्हा पांगापांग झाली होती. अण्णा वर्गात एकटेच खुर्चीवर बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"आजच्यासारखी तू कधीच उभी राहिली नव्हतीस," ते म्हणाले. "श्वाससुद्धा ऐकू आला नाही."

मी त्यांचा हात धरला, पुढं पायरी आहे म्हणून सांगितलं आणि त्यांना रिक्षात बसवलं.