उंबऱ्यापलीकडची पाळी

पाळकसाहेबांच्या बैठकीतली सतरंजी झटकली की शेंगदाण्याची टरफलं, केसांचा आकडा, कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू असं काय काय निघतं. किस्सेही तसेच. रोज दिवेलागणीला तीच माणसं, तेच पवित्र शास्त्र, आणि मी सोडून सगळ्यांची वयं पेन्शनीकडे झुकलेली. किस्से नाही साठणार तर काय साठणार?

*

छावणीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची रीत अशी : कॅलेंडरवर छापलेला त्या दिवसाचा पाठ काढायचा, गोल बसायचं आणि प्रत्येकानं पाळीनं एकेक वचन वाचायचं. त्यामुळे ऐकत कोणीच नाही. जो तो माणसं मोजतो, आपल्यावर कोणतं वचन येणार ते हुडकतो आणि ओठातल्या ओठात घोकत बसतो.

माझे अप्पा यात सगळ्यांत तरबेज. ते करोडगिरीच्या नाक्यावर जकात कारकून. गाडी लांब दिसली की आत पोती किती ते सांगणार. त्यांचं वचन कधी चुकलं नाही.

मी मात्र मुद्दाम उशिरा जायचे. मी मध्येच घुसून बसले की सगळ्यांची वचनं एकेका घरानं सरकायची. एकदा त्यामुळे आमच्या मुख्य पंचांवर, दाऊदमामांवर, नुसत्या नावांनी भरलेली वंशावळ आली. घाम पुसत ते म्हणाले, "ही पोरगी बी.ए. झाली, पण हिला घड्याळ काय शिकवलं नाय."

*

माझी थोरली बहीण मार्थाताई पाठाच्या वेळी उंबऱ्याबाहेर, ओसरीवर बसते. तिनं हिमरू विणणाऱ्या हमीदभाईंशी निकाह केला. धर्म सोडला नाही, रविवार चुकवला नाही. पण लग्न मंडळीबाहेर केलं. पंचांनी निकाल दिला : ऐकायला हरकत नाही, आत बसायचं नाही, वाचायचं नाही. त्या पंचांत अप्पाही होते.

तिची वाचायची पाळी गेली, पण कान गेले नव्हते. एके दिवशी दाऊदमामांनी एक अवघड वचन गुपचूप गाळलं. आत कुणालाच कळलं नाही. ओसरीवरून ताई खोकली. मामा थांबले, मागे गेले, गाळलेलं वाचलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकला. मामा चिडले. "हिला गप बसायला सांगितलंय ना?"

"बोलायची बंदी आहे," पाळकसाहेब म्हणाले. "खोकायची नाही."

*

आमोस संदेष्ट्याचा पाठ होता. खोटी मापं वापरणारे, वेशीत बसून न्याय विकणारे, सगळ्यांची त्यानं सालं काढली आहेत. दाऊदमामांची पाळी आली आणि नेमका रस्त्यावरून निजामाच्या पोलिसांतल्या अमीनसाहेबांचा टांगा निघाला. मामांचा आवाज एकदम कुजबुजीवर आला.

पाळकसाहेबांना कमी ऐकू येतं. ते ओरडले, "दाऊद, मोठ्यानं. न्यायाचं काय म्हणतोय तो?"

"काही नाही साहेब. इस्राएलातली जुनी गोष्ट आहे," असं म्हणून मामांनी त्या दिवशीच्या प्रार्थनेत हुजूर निजामांना दीर्घायुष्य मागितलं. दोनदा.

मी विचारलं, "मामा, न्याय इस्राएलातच संपला का? आपल्या उंबऱ्यापर्यंत नाही आला?"

"तुला हैदराबादला शिकायला धाडलं तिथंच चुकलं."

अप्पांनी पान उलटलं.

*

हमीदभाई ताईला सायकलवर घेऊन येतात आणि फाटकाशी थांबतात. आमच्या प्रार्थना लांबलचक. एकदा त्यांनी मला विचारलं, "बी.ए. साब, अल्ला मियाँ को सब मालूम है ना? फिर इत्ता समझाते कायकू?"

मी तो सवाल जसाच्या तसा पाळकसाहेबांपुढे टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रार्थना चहा निवायच्या आत संपली. दाऊदमामा काळजीनं म्हणाले, "साहेब, तब्येत बरी हाय ना?"

*

घरी अप्पा ताईचं नाव काढत नाहीत. तिचा पेला मात्र माठावर तसाच पालथा असतो. दुसऱ्या कुणी घेतला की ते धुऊन परत तिथंच ठेवतात.

एकदा नाक्यावरून उन्हातून आले, टोपी काढली आणि सवयीनं म्हणाले, "मार्था, पाणी दे."

मी पाणी दिलं. चूक त्यांनीही सुधारली नाही, मीही नाही. मला भांडायचं होतं. ते पाणी पिताना डोळे मिटून बसले, मग भांडता आलं नाही.

*

प्रकटीकरणाचा, म्हणजे शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकाचा, शेवटचा अध्याय ज्या दिवशी आला, त्या दिवशी निघताना अप्पा मला म्हणाले, "आज वेळेवर चल."

अप्पांची जागा भिंतीला टेकून, वर्षानुवर्षं तीच. त्या संध्याकाळी ते दारात उभे राहिले, बसलेली माणसं एकवार नजरेनं मोजली आणि उंबऱ्याला लागून बसले.

"इथं वारा लागंल," दाऊदमामा म्हणाले.

"लागू द्या."

पाळी फिरत फिरत आली. आत्मा आणि वधू 'ये' म्हणतात, आणि जो नुसता ऐकतो आहे त्यानंही 'ये' म्हणावं असं ज्या वचनात आहे, ते अप्पांवर आलं. अप्पांनी पुस्तकाकडे न बघता ते म्हटलं. शेवटी तहानलेल्याला पाण्याकडे बोलावलं आहे, तिथं त्यांनी मान ओसरीकडे वळवली.

बाहेर ओसरीवर बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

पाळकसाहेबांनी कानामागे हात धरला. "पुढची पाळी कोणाची?"

दाऊदमामांनी अप्पांकडे पाहिलं, मग दाराकडे.

अप्पांनी आपलं पुस्तक उंबऱ्यापलीकडे धरलं.

"मार्थाची," ते म्हणाले.